शिशाची वजनं सुरकुततात, कडा भरत नाहीत, आतून पोकळ निघतात: पळीने ओतताना नेमकं कुठे बिघडतं

पागाला, म्हणजे हाताने फेकायच्या गोल जाळ्याला, नाहीतर गरीला लावायची शिशाची वजनं घरी ओतणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा त्रास होतोच, साचा उघडला की गोळीवर सुरकुत्या, एका बाजूची कड बोथट राहिलेली, भोकाजवळचा भाग भरलेलाच नाही, आणि एखादी वरून छान दिसते पण हातात घेतली की हलकी लागते कारण आत पोकळ. मग परत वितळवा, परत ओता, परत तेच. आणि आजूबाजूला कुणाला विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं, शिसं भेसळीचं आहे, भंगारवाल्याने फसवलं तुला. माझं म्हणणं असं की शिशाला दोष देणं सगळ्यात शेवटी करा. बहुतेक वेळा शिसं ठीक असतं, साचा गार असतो. आणि साचा गरम असेल तर पळी गार असते. आधी या दोन गोष्टी नीट करा, त्यानंतरही जे दोष उरतील ते मग एकेक करून शोधता येतात.

काहीजण म्हणतात की पाण्यात तर टाकायचंय, दिसायला कसं का असेना. दिसण्यासाठी कोण करतंय हे? पागाच्या घेराला ओळीने वजनं असतात, त्यात काही भरीव आणि काही पोकळ आली की फेकल्यावर पाग गोल बसत नाही, जड बाजू आधी तळाला जाते आणि हलक्या बाजूखालून बोय मासा सटकतो. गरवणाऱ्यांचं तर अजून वाईट, साच्याच्या सांध्यातून बाहेर आलेली पातळ धार नायलॉनला घासत राहते, आणि तांबोशीसारखा मासा लागलेला असताना दोरी तुटली की मग कळतं.

आता आधी दोष नीट बघायला शिका, कारण प्रत्येक दोषाचं कारण वेगळं असतं आणि लोक सगळ्यांना एकच औषध लावतात, ते म्हणजे अजून जाळ वाढवणे. गोळी चकचकीत आहे पण अंगावर सुरकुत्या आहेत, कडा गोल आहेत, तर साचा गार किंवा साच्यात तेल. गोळी पांढुरकी, अंगावर बारीक रवा धरल्यागत आहे तर साचा जास्त तापलाय, वजनासाठी यात काही बिघडत नाही, लावा खुशाल. बारीक बारीक खड्डे आहेत तर ओलावा किंवा मळी. ओतायच्या भोकाखाली मोठा एकच खड्डा किंवा आत पोकळी, तर शिसं आकसलंय आणि त्याला वरून पुरवठा झाला नाही. एका कोपऱ्यात नेहमी त्याच जागी भरत नाही, तर तिथली हवा बाहेर जात नाहीये. हे एवढं ओळखता आलं तरी अर्धं काम झालं.

साचा गार असणे

शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. ओतताना ते साधारण ३६० ते ४०० च्या आसपास असलं की पुरे. म्हणजे गोठायच्या आधी त्याच्याकडे जेमतेम ३०-७० अंशांची शिल्लक असते, आणि ती सगळी शिल्लक गार साचा त्याच क्षणी खाऊन टाकतो. शिसं साच्याच्या भिंतीला लागतं, तिथे पातळ साय धरते, मागून येणारं शिसं त्या सायीवरून घसरतं, आणि हेच तुमच्या सुरकुत्या. शिसं कितीही शुद्ध असू द्या, गार साच्यात सुरकुत्या येणारच.

म्हणून पहिल्या काही गोळ्या खराब निघणारच असं गृहीत धरून चला, त्या तशाच बाजूला टाका, त्यांच्याकडे बघत बसू नका. इथेच सगळे अडकतात. एक गोळी ओतली, साचा उघडला, उलटीसुलटी करून बघितली, शेजारच्याला दाखवली, चर्चा केली, आणि तोपर्यंत साचा परत गार. ओतत असताना साचा गरम राहतो तो फक्त आत पडणाऱ्या शिशामुळे, त्यामुळे लय तुटली की तापमान पडलं. ओता, गोठू द्या, उघडा, पाडा, लगेच बंद करा, परत ओता. बघायचं काम नंतर.

सुरुवातीलाच साचा तापवून घ्यायची एक पक्की पद्धत आहे. शिसं वितळत असताना साचा कढईच्या काठावर ठेवा म्हणजे तो कोरडा पण होतो आणि कोमट पण. मग बंद साच्याचा एक कोपरा वितळलेल्या शिशात बुडवून धरा, ॲल्युमिनियमचा असेल तर अर्धा मिनिट वगैरे, लोखंडी असेल तर जास्त. बाहेर काढल्यावर कोपऱ्याला शिसं चिकटून आलं तर अजून गार आहे, परत धरा. काही न चिकटता कोपरा स्वच्छ बाहेर आला की साचा तयार. थर्मामीटर नसलेल्या माणसाला यापेक्षा चांगली खूण मला माहीत नाही. मात्र कोपरा बुडवायच्या आधी साचा पूर्ण कोरडा आहे ना हे बघाच, का ते पुढे येतंय.

लोखंडी साचा तापायला वेळ घेतो पण तापला की टिकून राहतो. ॲल्युमिनियमचा पटकन तापतो आणि तितक्याच पटकन थंड होतो, त्यामुळे त्याला लय जास्त लागते. खाडीच्या कडेला उघड्यावर बसून ओतत असाल तर वाराच तुमचा साचा गार करत असतो, शेगडीच्या एका बाजूला पत्रा उभा करा. पण बंद खोलीत नका जाऊ त्यासाठी, वारा हवाच, फक्त तो बाजूने वाहून जायला हवा आणि धूर तुमच्या तोंडाकडे यायला नको.

पळी

पळीबद्दल लोक बोलतच नाहीत आणि निम्मा घोळ तिच्यातच असतो. घरातली जुनी लहान पळी घेतात, तिच्यात जेमतेम एका गोळीपुरतं शिसं मावतं, ते कढईपासून साच्यापर्यंत येईतो कडेने गोठायला लागतं. पळी मोठी घ्या. ज्या वजनाची गोळी करायची त्याच्या तिप्पट-चौपट शिसं मावेल एवढी, म्हणजे आतला शिशाचा साठा स्वतःची उष्णता धरून ठेवतो. लोखंडी किंवा स्टीलची, जाड, आणि एका बाजूला चोच असलेली. चोच नसेल तर लोहाराकडून कड ठोकून घ्या. ॲल्युमिनियमची पळी नको, त्या तापमानाला ती मऊ पडायला लागते, आणि कल्हईची पितळी पळी तर अजिबात नको, कल्हई म्हणजे कथील, ते २३२ अंशालाच वितळून शिशात उतरतं. आणि एकदा शिशात गेलेली पळी परत स्वयंपाकघरात जाता कामा नये, तिच्या दांड्याला लाल रंग लावून टाका म्हणजे घरात कुणी चुकून आमटीत घालणार नाही.

पळी कढईतच ठेवायची. म्हणजे दोन ओतण्यांच्या मधे ती बाहेर जमिनीवर टेकवायची नाही, शिशातच राहू द्यायची, तरच ती शिशाएवढी गरम राहील. बाहेर काढल्यावर पळीच्या आत शिशाची पापडी चिकटून राहत असेल तर पळी गार आहे, दुसरं काही शोधू नका.

भरताना वरची करडी साय पळीच्या पाठीने बाजूला सारा आणि पळी तिरकी करून सायीच्या खालचं स्वच्छ शिसं घ्या. वरवरचं घेतलं की साय आत जाते आणि गोळीत मळीचे काळे ठिपके येतात, ते पुढे खड्डे होतात.

ओतताना थेंब थेंब ओतायचं नाही. एक सलग धार, न तोडता, आणि भोक भरलं तरी थांबायचं नाही, भोकाच्या वर जास्तीच्या शिशाचा चांगला मोठा गड्डा तयार होईपर्यंत ओतत राहायचं. भीतीने हात आखडता घेतला की गोळी अर्धवट राहते. ज्यांच्या पळीला नळीची चोच आहे त्यांनी अजून एक करून बघा, साचा आडवा धरायचा, पळीची चोच त्याच्या भोकाला चिकटवायची, आणि मग साचा आणि पळी दोन्ही एकदमच फिरवून साचा सरळ उभा करायचा, म्हणजे पळीतल्या सगळ्या शिशाचं वजन त्या छोट्या भोकावर येतं आणि शिसं दाबाने कडेकोपऱ्यात जातं. तसंच चार-पाच सेकंद धरून ठेवायचं आणि मग पळी काढायची. ज्या साच्यात कडा कधीच भरत नव्हत्या त्यात सुद्धा यामुळे फरक पडलेला दिसेल. आधी कोरड्या हाताने, गार साचा आणि रिकामी पळी घेऊन ती हालचाल बसवून घ्या, गरम शिसं घेऊन शिकू नका.

आतून पोकळ का निघते

शिसं द्रवाचं घट्ट होताना घनफळात साधारण साडेतीन टक्के आकसतं. म्हणजे साचा काठोकाठ भरला तरी गोठेपर्यंत आत थोडी जागा रिकामी होणारच आहे, प्रश्न एवढाच की ती जागा भरायला वरून शिसं येतं की नाही. वरचा गड्डा जो आपण उगाच जास्तीचा समजतो तो त्यासाठीच असतो. तो लहान राहिला तर तोच आधी गोठतो, रस्ता बंद होतो, आणि आतलं शिसं आकसून मधे पोकळी सोडतं.

खात्री करायची असेल तर शंका येणारी एखादी मोठी गोळी हॅक्सॉने उभी कापा. कापताना धूळ उडू नये म्हणून पात्याला तेलाचा थेंब लावा आणि खाली कागद ठेवा. पोकळी बहुतेक वेळा ओतायच्या भोकाच्या लगेच खाली सापडते, आतून खडबडीत, स्फटिकाच्या टोकदार कडा दिसतात. हवा अडकल्याची पोकळी असेल तर ती गुळगुळीत आणि गोलसर असते. हा फरक डोळ्याने सहज दिसतो आणि एकदा बघितला की पुढे काय दुरुस्त करायचं ते आपोआप ठरतं.

खडबडीत असेल तर गड्डा मोठा ठेवा, पळी जास्त वेळ धरा, आणि शिशाचं तापमान थोडं उतरवा, कारण शिसं जितकं जास्त गरम तितकं आकसणं जास्त. गड्डा कापायची घाई पण करू नका. ओतल्यावर गड्ड्याकडे बघत राहा, तो आधी आरशागत चकचकीत असतो, मग मधोमध छोटी खळी पडते, मग त्याची चमक जाऊन तो मंद होतो. चमक गेल्यावर अजून काही सेकंद थांबा आणि मगच हात लावा. वजन मोठं असेल, म्हणजे समुद्रावर लांब फेकायचं दीडशे-दोनशे ग्रॅमचं वगैरे, तर खळी पडायला लागली की पळीतून परत थोडं थोडं शिसं तिच्यात सोडत राहा.

न कापता तपासायचं तर छोटा डिजिटल काटा घ्या. शिशाची घनता ११.३४, म्हणजे ५० ग्रॅमची गोळी साधारण ४.४ घन सेंटीमीटर जागा घेते. साच्याचं नक्की घनफळ माहीत नसलं तरी चालेल, साच्यातल्या एकाच खोबणीच्या दहा-बारा चांगल्या गोळ्या मोजा, त्यातली सगळ्यात जड ती भरीव समजा, आणि तिच्यापेक्षा दीड-दोन ग्रॅमने हलक्या येतील त्या परत कढईत.

तेल, काजळी आणि हवा

साचा व्यवस्थित तापलाय, पळी गरम आहे, तरी सुरकुत्या जात नाहीत तर साच्यात तेल आहे. लोखंडी साच्याला गंज येऊ नये म्हणून आपण तेल लावून ठेवतो, नवा साचा तर तेलातच येतो, आणि फडक्याने पुसलं की गेलं असं वाटतं, पण जात नाही. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, मग थिनरने पुसा, थिनर पूर्ण उडून जाऊ द्या आणि ते शेगडीपासून लांब करा. त्यानंतर साचा कडकडीत कोरडा करून मगच वापरायला घ्या.

काजळी धरायची जुनी पद्धत आहे, साच्याच्या आत रॉकेलच्या चिमणीची नाहीतर काडीच्या जाळाची पातळ काजळी धरली की शिसं जरा उशिरा गोठतं आणि गोळी सुटते पण पटकन. उपयोगी आहे, पण पातळच. मेणबत्तीने धरली तर न जळलेलं मेण आत बसू शकतं आणि ते परत तेलाचंच काम करतं. आणि थरावर थर चढवत गेलं की दोन्ही भागांच्या समोरासमोरच्या पृष्ठांवर ज्या बारीक रेघा असतात, हवा बाहेर जाण्यासाठी, त्या बुजतात. मग एकाच कोपऱ्यात कायम खोट. त्या रेघा बांबूच्या टोकदार काडीने साफ करा, सुरी किंवा खिळा घालू नका, ॲल्युमिनियमवर लगेच ओरखडा पडतो आणि मग तिथून कायमची धार यायला लागते.

ओलावा, आणि इथे थांबून नीट वाचा

१ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींना बंदी, त्यामुळे जाळी दुरुस्त करणे, वजनं ओतणे ही सगळी कामं नेमकी भर पावसात निघतात. हवेत एवढं पाणी असतं की गार लोखंडाला घाम येतो, शिशाच्या लाद्या दमट, साचा दमट, पळी दमट. आणि वितळलेल्या शिशात पाणी गेलं तर काय होतं ते नीट समजून घ्या. पाण्याची वाफ झाली की ती पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. थेंब वर पडला तर चर्र होऊन उडून जातो, पण तो शिशाच्या खाली गेला, म्हणजे ओली लादी बुडवली, ओली पळी घातली, तर एका क्षणात वाफ होऊन कढईतलं सगळं शिसं वर उडवते, चेहऱ्यावर, डोळ्यात, छपरापर्यंत. एवढासा थेंब पुरतो.

म्हणून नवीन शिसं टाकायचं असेल तर आधी कढईच्या काठावर ठेवून चांगलं तापवा आणि मग चिमट्याने हळूच सोडा. सगळ्यात उत्तम म्हणजे गार कढईतच सगळं शिसं भरून मग जाळ लावायचा. जुने पाइप, केबलवरचं शिशाचं आवरण असलं भंगार तर वितळलेल्या शिशात कधीच टाकू नका, त्यांच्या घडीत पाणी लपलेलं असतं, ते सुरुवातीपासून गार कढईत. पाण्याची बाटली, चहाचा कप शेगडीजवळ नको. छप्पर गळत असेल तर त्या दिवशी ओतूच नका. डोळ्याला चष्मा, चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पायात बंद बूट, कितीही उकडत असलं तरी. नायलॉनचे कपडे अंगाला वितळून चिकटतात. घामाचा थेंब कढईत पडू नये म्हणून कपाळाला पट्टी बांधा.

प्लास्टरचा साचा करणाऱ्यांना खड्ड्यांचा त्रास जास्त का, तर त्याचं उत्तर पण पाणीच. प्लास्टर उन्हात आठवडाभर वाळवलं तरी त्याच्या रचनेतच पाणी बांधलेलं असतं, ते उन्हाने जात नाही, दीडशे अंशाच्या आसपास सुटायला लागतं. शिसं आत पडलं की ती वाफ गोळीत शिरते. ओतायच्या आधी भट्टीत सावकाश भाजून घेतलं तर थोड्या गोळ्या निघतात पण मग साचा भुसभुशीत होतो. माझ्या मते त्या फंदात पडूच नये, ॲल्युमिनियमचा साचा एकदाच घ्यावा.

आता शिसं

वरचं सगळं करून झालं असेल तर आता शिशावर संशय घ्या. टायर बॅलन्सिंगची वजनं गोळा करून वितळवत असाल तर त्यात आता शिसं, जस्त आणि लोखंड तिन्ही मिसळलेली येतात. लोखंडाची लोहचुंबकाला चिकटतात. जस्ताची ओळखायला पकडीच्या धारेने दाबा, शिशात धार सहज रुतते, जस्तात नाही, आणि फरशीवर टाकली तर जस्त खणकन वाजतं, शिसं बद्द. बऱ्याच वजनांवर झेडएन (जस्त) किंवा एफई (लोखंड) अशी अक्षरं पण असतात. चुकून एखादं जस्ताचं गेलंच तर घाबरू नका, जस्त ४१९ अंशाला वितळतं आणि शिशापेक्षा हलकं असतं, त्यामुळे जाळ मंद ठेवला तर ते न वितळता वर तरंगतं, झाऱ्याने काढून घ्या. पण जाळ मोठा करून ते वितळवलंत तर शिसं उप्पीठासारखं गोळे-गोळे होतं आणि साच्यात नीट पसरत नाही, मग त्या शिशाचा नाद सोडलेला बरा.

म्हणूनच सारखा जाळ वाढवणं हे औषध नव्हे. तापमान मोजायला के टाइप थर्मोकपलची तार असलेला मल्टिमीटर मिळतो, तो घ्या. नसेल तर साय काढून स्वच्छ शिशाचा पृष्ठभाग बघा, नितळ चांदीचा रंग टिकून असेल तर ठीक, काढल्या काढल्या पिवळी आणि मग निळी-जांभळी झाक यायला लागली तर जास्त तापलंय, कमी करा.

कडा फारच बारीक असतील, नक्षीचा साचा असेल, तर किलोभर शिशात ६०-४० ची सोल्डर वायर पंचवीस-तीस ग्रॅम टाका, त्यातल्या कथलामुळे शिसं जास्त मोकळं वाहतं. पागाच्या साध्या गोळ्यांना याची काही गरज नाही, आणि दोरीवर दाबून बसवायच्या फटीच्या गोळ्यांना तर टाकूच नका, त्या मऊच हव्यात.

गाडीची जुनी बॅटरी फोडून शिसं काढायचा विचार असेल तर तो सोडून द्या. आत आम्ल, शिशाची पावडर, आणि प्लेटमधे अँटिमनी, आर्सेनिक असू शकतं ज्याच्यापासून अतिशय विषारी वायू होऊ शकतो. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे सुद्धा ती बॅटरी गोळा करणाऱ्याकडेच द्यायची असते, नवीन घेताना दुकानात जुनी देऊन टाका, पैसे कमी होतात ते वेगळंच.

साफ करायला मेणाचा शेंगदाण्याएवढा तुकडा किंवा चमचाभर कोरडा लाकडाचा भुसा वितळलेल्या शिशावर टाका, धूर येईल, मेण पेट घेईल, ते जळू द्या आणि लांब दांड्याने तळापासून ढवळा. सायीतलं बरंचसं शिसं परत खाली जातं आणि वर कोरडी करडी मळी उरते. साय दिसली की लगेच खरडून फेकणाऱ्यांचं शिसं उगाच कमी होत जातं. उरलेली मळी मात्र पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, चिठ्ठी लावून. परसात, माडाच्या आळ्यात, विहिरीजवळ कुठेच नाही टाकायची. ती बारीक पूड असते आणि अख्ख्या गोळीपेक्षा तीच जास्त धोक्याची, कारण ती हाताला लागते, उडते, पोटात जाते.

शिशाचं विष म्हटलं की सगळे धुराला घाबरतात. शिसं उकळायला १७४९ अंश लागतात त्यामुळे ४०० अंशाला त्याची वाफ फार थोडी असते, जसं तापवाल तशी ती वाढते. पण खरा रस्ता हातातून तोंडाकडे जातो. काम करताना त्याच हाताने तंबाखू मळणे, विडी धरणे, मधेच वडापाव खाणे, आणि किनाऱ्यावर फटीची गोळी दातांनी चावून बसवणे, हे शेवटचं तर पिढ्यानपिढ्या चालत आलंय आणि ते बंदच व्हायला पाहिजे. काम झालं की साबणाने हात-तोंड धुवा, कपडे वेगळे भिजवा, जागा झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. लहान मुलं आणि गरोदर बायका त्या जागेत नकोत, नुसतं बघायला पण नकोत. लहान मुलांच्या बाबतीत शिशाचं सुरक्षित म्हणावं असं प्रमाणच नाही, अमेरिकेत २०२१ पासून रक्तात डेसिलिटरला साडेतीन मायक्रोग्रॅमच्या पुढे गेलं की लक्ष द्यायला सांगतात, एवढं ते थोडं आहे. नेहमी ओतत असाल तर वर्षातून एकदा रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या.

धार आणि भोक

सांध्यातून पातळ धार येत असेल तर साचा नीट मिटत नाहीये. उजेडासमोर बंद करून धरा, फटीतून उजेड दिसला की तिथे शिशाचा कण चिकटलेला असणार. तो गरम साच्यावरून जाड सुती फडक्याने पुसला जातो, नाहीतर लाकडाच्या काडीने. कण नसेल तर दोन्ही भाग जुळवणाऱ्या खुंट्या वाकल्यात का ते बघा.

पागाच्या गोळीला आरपार भोक लागतं, त्यासाठी साच्यात सळी ठेवतो आपण, आणि ती अडकून बसते. गॅल्व्हनाइज्ड तार वापरत असाल तर अडकणारच, तिच्यावर जस्त असतं आणि शिसं त्याला झाळल्यागत धरतं. स्टेनलेस स्टीलची सरळ सळी घ्या, सायकलचा स्टेनलेस आरा चालतो, जिथे वाकलाय तो भाग कापून टाका. ओतायच्या आधी तिला पण तापवा आणि काजळी धरा, गार सळीभोवती शिसं आधी गोठतं आणि भोकाच्या आत सुरकुत्या येतात. गोळी गरम असतानाच सळी पकडीने धरून आधी अर्धा फेरा फिरवा, सुटली की मग ओढा, सरळ ओढायला गेलात की गोळी चिरते. शेवटी भोकाच्या दोन्ही तोंडांवर जाड ड्रिलचं टोक हातानेच दोन-तीन फेरे फिरवून कड मोडून घ्या, मशीन नको, भुकटी उडते, आणि मग भोकातून एक कापसाचा बोळा ओढून बघा, तंतू अडकला तर अजून धार शिल्लक आहे, परत फिरवा.